रोजानं की उक्तं

डिसेंबर २०२३ मधला एक शुक्रवार. कांद्याच्या निर्यातीवर बंदी आल्याची बातमी सकाळीच फोनवर येऊन पडली होती, आणि मी नाशिकच्या माझ्या खोलीत बसून ओहायोमधल्या एका बाईंच्या दुकानाची वेबसाइट दुरुस्त करत होतो. बाई हातानं केलेल्या मेणबत्त्या विकतात. त्यांच्या साइटवर गिऱ्हाईक पत्ता भरून पुढे गेलं की टपालखर्चाचा आकडा कधी दिसायचा, कधी गायब व्हायचा, आणि कधी आधीच्याच कुणाचा तरी आकडा तसाच राहिलेला असायचा. काम तासावर होतं. मध्येच नानांचा व्हॉट्सअ‍ॅप आला: लिलाव बंद पाडलेत, ट्रॉली आत आहे, काय करू? सोबत फोटो. लाल कांद्यानं भरलेली आमची ट्रॉली, मागे तशाच आणखी ट्रॉल्यांची रांग, कोपऱ्यात नानांचा अंगठा. मी फोटो मोठा करून पाहिला आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या स्क्रीनचं छायाचित्र निघालं.

अपवर्क म्हणजे जगभरातल्या क्लायंटना माझ्यासारख्या फ्रीलान्सरांशी जोडून देणारी वेबसाइट. तिथे ज्यांनी तासानं काम केलंय त्यांना हे सांगायला नको. तुम्ही घड्याळ सुरू केलं की दर दहा मिनिटांच्या खणात कधीतरी एकदा ते अ‍ॅप तुमचा स्क्रीन टिपतं, आणि तो फोटो क्लायंटला दिसतो. कधी टिपेल ते कळत नाही. सोबत कळा किती दाबल्या, माऊस किती हलला याचीही नोंद. फोटो नको असेल तर तो काढून टाकता येतो, पण मग त्या खणाचे पैसेही जातात. माझे दर तेव्हा तासाला पंचवीस डॉलर होते, म्हणजे दहा मिनिटांचे कमिशन वजा जाता तीनशे रुपयांच्या थोडे वर. आमच्याकडे कांद्याच्या वावरात बाईमाणसाला दिवसभर वाकून जी रोजंदारी मिळते, ती तेव्हा याच्याच आसपास होती. मी फोटो राहू दिला. त्याचं आणखी एक कारण होतं. त्या दहा मिनिटांतल्या आधीच्या आठ मिनिटांत मला दोष सापडला होता. साइट वेगानं उघडावी म्हणून कुणीतरी बसवलेलं कॅशिंगचं प्लगइन, म्हणजे एकदा उघडलेली पानं साठवून तीच पुन्हा दाखवणारी जोडणी, पैसे भरायचं, चेकआउटचं पानही साठवून ठेवत होतं आणि एकाचा हिशोब दुसऱ्याला दाखवत होतं. अख्ख्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम त्या खणात झालं होतं, आणि पुरावा म्हणून तिथे ट्रॉलीभर कांदे होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, हा फोटो आपल्या साइटवर कुठे जाणार आहे?

त्यांच्या विचारण्यात तिरकसपणा नव्हता. मी खरं ते लिहिलं: वडिलांनी बाजारातून पाठवला होता, आज इकडे गडबड आहे. त्यांनी एक अंगठा पाठवला आणि विषय संपला. पैसेही बिनबोभाट आले. तरी ते मला कुठेतरी टोचत राहिलं. राग यावा असं काही झालं नव्हतं आणि लाज वाटावी असंही नाही. पण सात समुद्रापलीकडच्या एका मेणबत्तीवाल्या बाईंनी आमची ट्रॉली पाहिली, ती का पाहिली, तर मी त्यांना माझी दहा मिनिटं विकली होती म्हणून. नाना त्या फोटोत नव्हते, त्यांचा अंगठा होता. तेवढ्यानंही मला उगाच बरं वाटलं.

आमचं गाव निफाड तालुक्यात. तासावर की ठरवून, हा प्रश्न मी लॅपटॉपवर पहिल्यांदा पाहिला नाही. घरी तो दर हंगामात ओट्यावर बसून सोडवला जायचा, आणि सोडवायची आई. नाना बाजार, ट्रॅक्टर आणि औषधं बघायचे. माणसं लावणं आईकडे. सुरगाणा-पेठकडून टोळ्या येतात, त्यांचा मुकादम येतो. द्राक्षाची विरळणी असो की कांद्याची लागवड, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: रोजानं की उक्तं? रोजानं म्हणजे टोळी नवाला येणार, दुपारची भाकर झाडाखाली, सूर्य कलला की विळे धुऊन परत. उक्तं म्हणजे एकरी आकडा ठरला, मग ते कधी येतात-जातात ते विचारायचं नाही. उक्त्या टोळीला मी पहाटे बॅटरीच्या उजेडात वावरात उतरलेलं पाहिलंय. त्यांच्या हाताला एक निराळीच लय असते. बोलणं नसतं, गाणं नसतं, नुसता मातीत बोटं रुतल्याचा आणि रोपांच्या जुड्या सोडल्याचा आवाज. रोजाच्या बायका गप्पा मारतात, एकमेकींच्या लेकीसुनांची उणीदुणी काढतात, मध्येच कुणीतरी हसून लोळते. लहानपणी मला रोजाचे दिवस आवडायचे. आईला दोन्ही सारखेच वाटत असावेत, कारण तिचं लक्ष माणसांवर नसायचं, सरीवर असायचं.

तिचं गणित साधं होतं, आणि मला ते फार उशिरा दिसलं. लागवड ती उक्ती द्यायची. पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर रोप बसायला हवं असं कृषी खात्याची पत्रकं सांगतात. घाईत ते दाट-विरळ होतं, मुळं वर राहतात. पण आठ-दहा दिवसांत नांग्या, म्हणजे रोप न लागलेल्या रिकाम्या जागा, दिसतात. मुकादम तालुक्यातच असतो, त्याला बोलावून नांग्या भरून घेता येतात. लाल कांद्याची कापणीही उक्ती, कारण तो टिकाऊ नाही, कापला की गोणीत आणि गोणीतून थेट बाजारात. उन्हाळ कांद्याला मात्र ती हटकून रोजानं माणसं लावायची. तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, चार-सहा महिने राहायचा असतो. पात कापताना दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवावी लागते. मान आखूड कापली की तिथून सड शिरते. घाईच्या हातून मान हमखास आखूड होते, आणि ते त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. दिसतं श्रावणात, चाळीला वास सुटल्यावर. तोवर टोळी कुठल्या कुठे गेलेली असते. ज्याचा दोष लगेच उघडा पडतो ते उक्तं, ज्याचा दोष पावसाळ्यात वास येऊन कळतो ते रोजानं. ती हे अशा शब्दांत कधी बोलली नाही. बोलायची एवढंच, "उन्हाळ कांदा घाईचा नाही."

आजीचा काळ याहून वेगळा. माहेर सिन्नरकडचं, ७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. तिथे ना रोज ना उक्तं. फोडलेल्या ढिगाचं माप. दिवसभर उन्हात कोण किती बसलं ते कुणी मोजत नव्हतं, ढीग मोजत होते, असं ती सांगायची. पुढे त्याच दुष्काळी कामांतून रोजगार हमीचा कायदा झाला आणि तिथेही मजुरी बहुतांशी मापावरच राहिली. आजीच्या बोलण्यात तक्रार असायची ती मजुरीच्या दराबद्दल नसायची, टेप धरणाऱ्याबद्दल असायची.

मी या धंद्यात आलो तेव्हा तासाचं काम मला राजेशाही वाटलं. घड्याळ लावा, काम करा, बंद करा. क्लायंटनं मन बदललं तरी आपल्याला काय, तास वाढले. पाच वेळा बटणाचा रंग बदलायचाय? बदलू या. दर आठवड्याचा हिशोब जागतिक घड्याळानं रविवारी मध्यरात्री बंद होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. शुक्रवारपर्यंत क्लायंटनं तपासायचं, त्याच्या पुढच्या बुधवारी पैसे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ठरलेल्या बुधवारी ठरलेले पैसे येणं ही काय चैन आहे, हे पगारदार घरातल्या मित्रांना समजावता येत नाही. आणि पैसे बुडण्याची भीतीही नाही, कारण घड्याळानं नोंदलेल्या तासांना कंपनीचं संरक्षण असतं. हातानं भरलेल्या तासांना ते नसतं. म्हणजे विश्वास आहे, पण तो माझ्यावर नाही, फोटोवर आहे.

या फोटोंची कथा मला नंतर कळली. अपवर्क हे मुळात दोन कंपन्यांचं लग्न. ईलान्स आणि ओडेस्क, २०१३च्या अखेरीस एकत्र आल्या आणि २०१५ साली नाव बदललं. ईलान्सवर ठरीव रकमेच्या कामांची चलती होती, ओडेस्कवर तासाच्या. ओडेस्क सुरू केली ओडिसियस त्सातालोस आणि स्त्रातिस करामानलाकिस या दोन ग्रीक मित्रांनी. एक अमेरिकेत, दुसरा ग्रीसमध्ये, आणि लांब बसलेल्या मित्राबरोबर काम करायचं तर मालकाला भरवसा कसा द्यायचा, या अडचणीतून ते घड्याळ जन्मलं. मित्राला नोकरी मिळावी म्हणून शोधलेली ती युक्ती होती. हे वाचल्यावर माझा त्या घड्याळावरचा राग जरा निवळला. पूर्ण गेला असं मात्र नाही.

कारण ते घड्याळ विचार मोजत नाही. आपल्या कामात खरी मेहनत कुठे असते, तर खुर्चीत मागे रेलून छताकडे बघण्यात. दोष कुठे असावा याचा अंदाज बांधताना मी खोलीत फेऱ्या मारतो, गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगचं पाणी भरताना बघतो. त्या दहा मिनिटांत एकही कळ दाबली जात नाही आणि नोंदीत ती दहा मिनिटं रिकामी दिसतात. मग काय होतं, तर विचार करताना हात आपोआप माऊसवर जातो आणि पान उगाच वर-खाली सरकवत राहतो. लबाडी म्हणून नाही. बांधावर कुणी उभं असलं की कंबर मोकळी करायलाही माणूस जरा बिचकतो, तसं. आपोआप माऊस हलवत ठेवणारी यंत्रंही बाजारात मिळतात. मी घेतलेलं नाही, पण घेणाऱ्याला मी हसतही नाही. काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की घड्याळ बंद असतानाही, घरचं लाइट बिल भरतानाही, माझं बोट माऊसच्या चाकावर फिरत असतं.

आणि दुसरं म्हणजे हात बसत जातो. जे सुरुवातीला दिवस खायचं ते तासात होतं. तासाच्या कामात याचा अर्थ सरळ आहे: शहाणपण वाढलं, बिल घटलं. दर वाढवावा हे खरं, पण जुन्या क्लायंटला दर वाढवून मागताना घशात जे होतं ते प्रत्येक फ्रीलान्सरला माहीत आहे. २०२२च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि हे आणखी टोकाला गेलं. साचेबंद कोड आता मिनिटांत मिळतो. एका क्लायंटनं हसतहसत लिहिलंही, आता तुझे तास कमी होतील ना? झाले. पण तो कोड त्याच्या साइटवर कुठे फुटेल हे ओळखायला जी वर्षं गेली, ती कुठल्या खणात टाकायची?

म्हणून मी उक्त्याकडे वळलो.

इकडच्या क्लायंटना मुळात तेच कळतं. पुणे असो की संभाजीनगर, फोनवर पहिलं वाक्य "एकूण किती होतील ते सांगा." तासाचा दर सांगितला की पलीकडे शांतता, मग, "पण सर, तुम्ही हळू केलंत तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्यांच्या जागी आई असती तर तिनंही हेच विचारलं असतं. परदेशातल्या लहान दुकानदारांनाही आकडा ठरलेला हवा असतो, फक्त ते जास्त गोड बोलतात. अपवर्कवर ठरीव कामाची रक्कम आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत मधल्याकडे राखून ठेवायच्या खात्यात, येऊन पडते, टप्पे पाडलेले असतात, काम सादर केल्यावर क्लायंट गप्पच बसला तर चौदा दिवसांनी ती आपोआप सुटते. फोटो नाहीत, घड्याळ नाही. पहिलं मोठं उक्तं काम घेतलं तेव्हा मी दुपारी झोपलो, रात्री दोनला उठून काम केलं, आणि कुणाचंही काहीही लागत नाही या आनंदात चहा दोनदा केला.

तो आनंद क्लायंटच्या पहिल्या "जरा"पर्यंत टिकतो. जरा तो फोटो डावीकडे घ्या. जरा हिंदीतही करून ठेवा, नंतर लागेल. जरा ती फाइल मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, त्यातले चारशे प्रॉडक्ट चढवून द्या. तासाच्या कामात जो क्लायंट मला दिलदार वाटायचा, तोच उक्त्या कामात दर वाक्यागणिक माझ्या खिशात हात घालतोय असं वाटायला लागतं. एका साड्यांच्या दुकानाचं काम होतं. मालक सज्जन, घरी बोलावून पोहे खाऊ घालणारे. तिसऱ्यांदा अक्षराचा टाइप बदलायला सांगितल्यावर मी त्यांच्या फोनकडे नुसता बघत बसलो, उचललाच नाही. पैठणीच्या रंगांवर इतका जीव असणारा माणूस अक्षरांबद्दल चोखंदळ असणारच, हे मला कळत होतं. तरी मनातून मी त्यांचा दुस्वास करत होतो. पोहे आठवून आणखीच अपराधी वाटायचं. तासावर असतो तर त्यांच्याशी तासभर टाइपांवर आनंदानं बोललो असतो, आणि खरं सांगायचं तर साइट जास्त देखणी झाली असती.

उक्तं काम असं आपल्याला पहाटेच्या टोळीसारखं करतं. बोलणं नाही, गाणं नाही. मान आखूड कापली गेली तरी हात थांबत नाही. मी स्वतःला कोडच्या एखाद्या ओळीवर रेंगाळताना पकडतो, इथे एक तपासणी घालावी का, कुणी चुकीचा पिनकोड टाकला तर काय होईल, आणि डोक्यातला कुणीतरी म्हणतो, चल पुढे. तो पिनकोड सहा महिन्यांनी कुणीतरी टाकणार आहे. तोवर माझे पैसे सुटलेले असतील.

मागच्या उन्हाळ्यात घरी गेलो होतो. आई चाळीच्या तोंडाशी बसून कांदे निवडत होती. मी तिला माझ्या धंद्यातली ही भानगड सांगायचा प्रयत्न केला, स्क्रीनचे फोटो वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काम बघायच्या आधी आकडा सांगतो तू?" सांगावा लागतो, म्हटलं, सगळेच सांगतात. तिला ते काही पटलं नाही. "मुकादम फोनवर आकडा देत नाही कधी. येतो, वावरात फिरतो, मग बोलतो." आणि खरंच, मी ते शंभरदा पाहिलं होतं. तो बांधावरून सबंध चक्कर मारतो. तण किती, वाफसा आहे का, ढेकळं फुटलीत का, पाण्याची मोटर किती लांब, गाडी कुठवर येते. मातीत टाच दाबून बघतो. मग खाली बसून तंबाखू मळतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या डोक्यात आकडा पिकतो. आई मग घासाघीस करते, तो विसार घेतो, उठतो. त्या चक्करेचे पैसे तो घेत नाही, हे मात्र मी आईला दाखवून दिलं. ती म्हणाली, "त्याचं वावर चालायचंय, तुझं दुसऱ्याचं घर उचकटायचंय. घे की पैसे."

दुसऱ्याचं घर उचकटणं हे तिनं नुसतं ऐकून नेमकं धरलं. नव्या साइटचं काम मोकळ्या रानासारखं असतं, आकडा सांगता येतो. पण आमच्याकडे येणारी निम्मी कामं दुसऱ्यानं बांधून सोडून दिलेल्या साइटची. आत काय आहे ते मालकालाच माहीत नसतं. चाळीस प्लगइन, त्यातली अर्धी बंद पडलेली, एखादी ओळ कुणीतरी मध्यरात्री चिकटवलेली आणि तिच्यावर सगळा पेमेंटचा डोलारा. अशा कामाचा उक्ता आकडा देणं म्हणजे क्लायंटचं अज्ञान स्वतःच्या पैशानं विकत घेणं. आणि तास लावणं म्हणजे ते अज्ञान त्याच्या गळ्यात घालून आपण सावलीत बसणं. दोघांपैकी कुणीतरी न दिसणाऱ्या भागाचा बोजा घेतो. वाद असतो तो एवढाच, आणि तो डॉलरच्या भाषेत चालतो म्हणून सभ्य वाटतो.

आता मी आधी चक्कर मारतो, आणि चक्कर तासावर. दोन-तीन तासांची मर्यादा घालून घेतो, घड्याळ लावतो, फोटो निघायचे ते निघू देतो. काय सापडलं त्याचं एक पान लिहून देतो. त्यातलं जे डोळ्यांना लगेच दिसतं, रंग, मांडणी, नवी पानं, त्याचा उक्ता आकडा, यादीसकट. यादीबाहेरचं "जरा" तासावर. पैशांचा व्यवहार, टपालखर्च, कर, जिथे चूक सहा महिन्यांनी वास मारते, ते सगळं तासावरच, आणि ते का तासावर हे मी सरळ लिहितो. काही जणांना पटतं. साड्यावाल्यांना पटलं. त्यांनी दुसरं दुकान काढलं तेव्हा टाइपाच्या चर्चेचे तास वेगळे धरा असं आपण होऊन म्हणाले, आणि मग ती चर्चा दोन शनिवार चालली. मी फार खुश होतो.

बऱ्याच जणांना पटत नाही. सध्या मेलबर्नच्या एका सायकलवाल्या गृहस्थांशी बोलणं चाललंय. जुनी साइट शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकानं चालवायच्या तयार सेवेवर, हलवायची आहे, दहा वर्षांच्या ऑर्डरी, ग्राहकांच्या याद्या, सगळं. मी म्हटलं, आधी तीन तास बघतो, त्याचे पैसे द्या, मग आकडा सांगतो. त्यांचा निरोप आला की दुसऱ्या एकानं काहीही न बघता संध्याकाळपर्यंत पक्का आकडा दिलाय, आणि तो माझ्या अंदाजाच्या अर्ध्यात आहे. मी लिहिलं, त्याला फक्त एवढं विचारा की जुन्या ऑर्डरींतले परतावे नव्या हिशोबात कसे धरणार. तो दुसरा कोण आहे, कुठल्या गावचा आहे, ठाऊक नाही. कदाचित माझ्यासारखाच कुणी, भाव पडलेल्या आठवड्यात घरी पैसे पाठवायचे असलेला. काम बहुतेक त्यालाच मिळेल.